गाठ चोळायची नाही

डॉक्टर मेहजबीन मुजावर यांनी मणक्याचं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर लावलं आणि आमच्या वस्तादांनी पहिला प्रश्न विचारला तो मिशीचा.

"मिशी जाईल का?"

"नाही जाणार. थोडी विरळ होईल. छातीवरचे केस मात्र जातील."

"ते गेले तर जाऊ देत. आन् ताकद?"

"कमी होईल, वस्ताद. मी खोटं सांगणार नाही."

हिंदुराव चौगुले, वय एकाहत्तर, वेदगंगेकाठच्या आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. माझे मालक. लग्न होऊन आले तेव्हा सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणत होतं, म्हणून मीही तेच म्हणू लागले, ते आजपर्यंत. लघवीचा त्रास त्यांनी दोन वर्षं लपवला. लंगोट लावणारा माणूस कमरेखालचं दुखणं बोलत नाही, असा तालमीत कुणी न लिहिलेला कायदा आहे. शेवटी बोलले तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीच्या एका मणक्यात उतरला होता.

मी बाईंना म्हटलं, "मला समजेल असं सांगा. घरी हे सगळं मलाच बघायचं आहे."

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती खाली वृषणांना निरोप धाडते आणि त्या निरोपावर तिथे टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. पुरुषाची दाढी, आवाज, दंड, रग, सगळं त्याच्यावर चालतं. हा कॅन्सरही त्याच्यावरच पोसतो.

"म्हणजे त्याचा खुराकच तो," वस्ताद म्हणाले.

"अगदी बरोबर. आपण त्याचा खुराक तोडायचा. हे औषध त्या ग्रंथीच्या कुलपात जाऊन बसतं. निरोप निघतच नाही."

पूर्वी अशी इंजेक्शनं महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यावी लागत. त्यातली काही तर आधी ग्रंथीला डिवचायची. पहिले दोन-तीन आठवडे संप्रेरक उलट वाढायचं आणि मग ग्रंथी दमून गप्प व्हायची. कॅन्सर मणक्यात असेल तर ते दोन आठवडे पाय घालवू शकत. हे नवं औषध पहिल्या दिवसापासून थेट कुलूप लावतं, आणि वर्षातून एकदाच घ्यावं लागतं. सुईत ते पातळ असतं. पोटाच्या कातडीखाली गेलं की अंगाच्या उबेनं त्याची सुपारीएवढी मऊ गाठ होते. त्या गाठीतून औषध कणाकणानं वर्षभर झिरपतं.

"गाठ हाताला लागेल," बाई म्हणाल्या. "तिला काही करायचं नाही. चोळायची नाही, शेकायची नाही, तिच्यावर पट्टा आवळायचा नाही. आणि ही चकती दंडावर राहू द्यायची. दिवसातून चार वेळा ती अंगातलं संप्रेरक मोजते. पन्नासच्या खाली असलं की हिरवा दिवा, वर गेलं की लाल. मला इथे बसून दिसतं. तासाभरापेक्षा जास्त अंगावेगळी झाली तर बंद पडते, मग चालू करायला इथवर यावं लागतं."

आठ दिवसांनी औषध गार पेटीतून ड्रोननं आमच्या उपकेंद्रात उतरलं. सिस्टरनं सुई दिली, दंडाला चकती लावली, आणि वस्ताद चालत घरी आले. वाटेत कुणी विचारलं तर सांगितलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन."

दोन महिन्यांत ते बदलले. भर दुपारी जेवता जेवता एकदम चेहरा लाल व्हायचा, मानेवरून घामाच्या धारा लागायच्या, ताट तसंच सोडून पंख्याखाली जायचे.

"अगं तानू, हे काय व्हायलंय? आतनं चूल पेटल्यासारखं वाटतंय."

मला हसू आवरेना. "पंचाऐंशी किलोच्या पैलवानाला बायकांचं दुखणं लागलं! पाळी जाताना मला हेच होत होतं तवा काय म्हणाला होता तुम्ही?"

"काय म्हणालो होतो?"

"नाटकं, म्हणाला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पंखा ओढून आणला आणि माझ्या चुलीसमोर लावला. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मग स्वयंपाकघरातच बसू लागले. शेंगा सोलायच्या, लसूण निवडायचा, आणि बोलायचं. आपल्या आईबद्दल बोलले, हरलेल्या एका कुस्तीबद्दल बोलले. ती कुस्ती त्यांनी मला कधी सांगितलीच नव्हती. खरं सांगते, हा माणूस मला आवडू लागला होता.

पण तालमीतून परत यायचे ते मान खाली घालून. आमच्या तालमीची एक रीत आहे. नागपंचमीच्या दिवशी वस्ताद स्वतः कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरतो आणि त्या वर्षी आलेल्या प्रत्येक नव्या पैलवानाशी खडाखडी घेतो. उभ्यानं हाताला हात, मानेला मान लावायची, आणि पोराला एकदा तरी मागं रेटायचं. ज्या वर्षी वस्तादाला ते जमणार नाही, त्या वर्षी त्यानं वस्तादकी सोडायची. शंभर वर्षांत रीत मोडलेली नाही. आता तालमीत नऊ मुली आहेत, पटाचा डाव कसा निघाला ते दाखवणारा कॅमेरा आहे, पण खडाखडी तीच आहे.

"यंदा चौदा नवे हायत," वस्ताद म्हणाले. "आन् मला काल जोर मारताना तिसाव्याला दम लागला."

सिद्धूअण्णा त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच तालमीतले. कुस्ती सुटल्यावर हाडं बसवण्यात आणि मालीश करण्यात त्यांनी नाव काढलं. पंचक्रोशीतला निखळलेला प्रत्येक खांदा त्यांच्या हाताखालून गेलेला. फाल्गुनात एका सकाळी वस्ताद तेल लावायला आडवे झाले आणि अण्णांचा हात पोटावरच्या गाठीवर थांबला.

"ही काय गा?"

"सुईची गाठ. चोळायची न्हाई म्हटलंय."

"कुठवर?"

"ते काय... आठवडाभर असंल. सुई टोचली की आठवडाभरच सांगत्यात."

"मग आता दोन महिनं झालं की. पैलवानाच्या अंगात गाठ ठेवायची नसती, वस्ताद. गाठ तिथं रगत अडकलं. म्हणून तर दम लागतोय तुम्हाला."

हे मला नंतर कळलं. तालमीत वाढलेल्या माणसाला यात काही चुकीचं दिसणार नाही. मुरगळा असो, गोळा असो, रक्त साकळलेलं असो, गाठ दिसली की गरम तेलानं फोडायची, हे तिथं आईच्या दुधाबरोबर शिकवतात. अण्णांनी रोज सकाळी मोहरीचं तेल कोमट केलं, एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधलं, आणि अंगठ्यानं ती गाठ मळून मळून पंधरा दिवसांत सपाट केली. वर्षभराचं औषध पंधरा दिवसांत अंगात उतरलं. वस्तादांना चार दिवस घेरी आली, ती आम्ही उन्हावर घातली.

आणि चकती? त्यात मी होते. तेलानं ती सुटून यायची. तासाभरात बंद पडेल म्हणून पहिल्या दिवशी वस्तादांनी ती काढून माझ्या हातात दिली. "तुझ्या दंडाला लाव. अंगाची ऊब लागली म्हणजे झालं. मालीश झाली की मला दे." मला ते शहाणपणाचं वाटलं. पेटलेला दिवा वाऱ्यातून पदराआड न्यावा तशी मी ती जपली. पुढे मालीश झाल्यावर ते परत घ्यायला विसरू लागले. उन्हाळा संपला तरी ती माझ्याच दंडावर होती. दिवा हिरवा होता. मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय.

जेठ महिन्यात वस्तादांचा घाम थांबला. जेवण वाढलं. जोर शंभरावर गेले. तालमीतून येताना आवाज अंगणातून ऐकू येऊ लागला.

"बघितलंस का? अण्णाच्या हाताला गुण हाय. गाठ गेली आन् ताकद आली!"

बाईंचं बजावणं मला तेव्हाच आठवायला हवं होतं, पण मलाही बरं वाटलं. मग एक दिवस त्यांनी वाटी बाजूला सारली. "आमटीला मीठ न्हाई. ध्यान कुठं असतंय तुझं?"

मी वाटीकडे बघत राहिले. हा जुना आवाज होता. सहा महिने ऐकला नव्हता. लसूण निवडणारा माणूस गेला होता आणि हा कधी परत आला ते मला कळलंच नव्हतं. तरी मी गप्प राहिले, कारण ते खुशीत होते आणि पंचमी तोंडावर आली होती.

दोन दिवसांनी सकाळी ते तालमीतून परत आले. मी अंगणात भांडी घासत होते. फाटकात त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि मागंच राहिली. ते तसेच पुढे आले. चार पावलं, दहा पावलं. अंगणभर खडी होती. उंबऱ्याशी येऊन त्यांनी डावी चप्पल काढली आणि उजवीही काढायला वाकले. तिथं पाय उघडाच होता. ते आपल्या पायाकडे बघत राहिले.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"काय कधीपासनं?"

"पायाला खडी टोचत न्हाई, हे कधीपासनं?"

"आठवडा झाला. मुंग्या येत्यात. उतरंल."

मी हात धुतले. मग नजर गेली ती माझ्याच दंडावर. हिरवा दिवा. इतके महिने मी ज्याच्याकडे बघून निश्चिंत झोपत होते, तो दिवा माझा होता. त्यांचा नव्हताच.

"डॉक्टरबाईंना फोन लावते."

"पंचमी हुंदे, तानू." आवाज खाली आला. "सतरा दिवस राहिल्यात. आत्ता ताकद हाय अंगात. ती सुई पुन्हा दिली की चौदा पोरांपुढं मी उभा राहू शकणार न्हाई. मग चल म्हणशील तितं येतो."

"सतरा दिवसांनी हौद्यात कशावर उभारणार? ह्या पायांवर?"

"वस्तादकी माझी हाय. पाय बी माझं हायत."

"आन् खाटेवरचा वस्ताद कुणी उचलायचा? मीच न्हवं?"

ते उठून आत गेले. मी फोन लावला. बाईंनी तीनच प्रश्न विचारले. पाय बधिर आहेत का, लघवी अडते का, चालताना तोल जातो का. मग म्हणाल्या, "मावशी, आत्ता निघा. त्यांना चालवू नका, वाकवू नका. गाडीत पाठ सरळ ठेवून आडवं झोपवा. आज, उद्या नाही."

वस्ताद खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझ्यानं ते हलले नसते, म्हणून मी सिद्धूअण्णांना बोलावलं आणि बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांच्यापुढं ठेवलं. गाठ, शेक, औषध, चकती. अण्णा ऐकता ऐकता खाली बसले. आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे बघू लागले.

"म्हंजे गाठ न्हवती ती," ते म्हणाले. "औषध व्हतं. मी फोडलं."

"मी बी दिवा माझ्या दंडाला बांधून हिंडले, अण्णा. दोघांनी मिळून केलंय. आता रडत बसू नका, त्यांना उठवा."

अण्णा खाटेजवळ गेले. "वस्ताद, आजवर किती हाडं बसवली असतील मी?"

भिंतीकडूनच उत्तर आलं. "हजार."

"जास्तच. खांदा बसवीन, ढोपर बसवीन, जबडा बी बसवीन. मणक्यातली शीर गेली तर ती मला बसवता येत न्हाई. कुणालाच येत न्हाई. उठा. उठू नका म्हंजे, पडूनच ऱ्हावा. आमी उचलतो."

"लई बोलतोस."

"तालीम तुमचीच."

तातोबा खोत, तालमीतला सगळ्यात थोरला पैलवान, जीप घेऊन आला. तालमीची फळी आणली. पंचाऐंशी किलोचा माणूस फळीवर सरळ ठेवून चौघांनी गाडीत घातला. सगळ्या वाटेत वस्ताद एकच वाक्य बोलले. "खड्डा हळू घे."

बाईंनी पडद्यावर वस्तादांची सहा महिन्यांची रेघ उघडली. सरळ, सपाट, हिरवी.

"फाल्गुनानंतरची माझी हाय ती," मी म्हटलं.

बाई रेघेकडे बघत राहिल्या. "बायकांच्या अंगातही हे संप्रेरक असतं, मावशी, पण थोडं. म्हणून दिवा हिरवा राहिला." मग त्यांनी हात कपाळाला लावला. "आणि मीही दिव्यावरच विसंबले. मध्ये एकदा बोलावून रक्त तपासायला हवं होतं. ही चूक माझी आहे. इथून पुढे माझ्या प्रत्येक पेशंटचं दर तीन महिन्यांनी रक्त काढायचं. दिवा हिरवा असो की निळा."

रक्ताचा आकडा चारशेच्या वर निघाला. मणक्यातली गाठ फुगून मज्जारज्जूला टेकली होती. त्याच तासाला त्यांनी लगेच कुलूप लावणारी सुई दिली, सूज उतरवायला स्टिरॉइड दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मणक्यावर पाच दिवस किरणं. शेजारच्या खाटेवरचा एकजण म्हणाला की त्याचं औषध वेगळं आहे, आधी डिवचणारं. वस्तादांनी बाईंना दोनदा विचारून घेतलं, "माझं ते न्हवं न्हवं?"

"तुमचं ते नव्हे."

मी रोज सकाळी त्यांच्या तळपायाला हात लावायचे. "कळतंय?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई. गुदगुल्या करतीस काय म्हातारपणी?"

नवव्या दिवशी मी चादर सारखी करत होते आणि ते म्हणाले, "गार लागतीया."

"काय?"

"चादर. अंगठ्याला गार लागतीया."

मी खाटेच्या कडेवर बसले. त्यांचा अंगठा मुठीत धरून ठेवला.

पंचमीला त्यांना घरी सोडलं. पाठीला पट्टा, हातात काठी, पोटात डाव्या बाजूला नवी सुपारी. बाईंनी बजावलं होतं, उभं राहा, चाला, पण कुणाशी रेटारेटी नाही. वस्ताद थेट तालमीत गेले. काठी माझ्या हातात दिली आणि सावकाश, एकेक पायरी चाचपत हौद्यात उतरले. चौदा नवे समोर उभे, सगळं गाव भोवती.

"ऐका," ते म्हणाले. "मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय. प्रोस्टेट म्हंजे लघवीच्या पिशवीच्या खाली असतं ते. मी दोन वर्षं लपवलं. म्हणून मणक्यात उतरला. औषधानं माझ्या अंगातलं मर्दाचं पाणी बंद केलंय, त्यानं मी जिता हाय."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. वस्तादांनी तिकडं बघितलं. "हास. तुझ्या वयात मी बी हासलो असतो. पन्नाशी उलटली की ये, मग दोघं मिळून हासू."

आता बाकी सगळे हसले, त्या हसणाऱ्यावर.

"खडाखडी मला जमणार न्हाई. रीत ती रीत. तातोबा, उतर खाली."

तातोबा उतरला, पण हात जोडून उभा राहिला. "रीत बदलू या की, वस्ताद. तुम्ही कडेला बसून सांगा."

"मी बदलली तर लोक म्हणतील, स्वतःसाठी बदलली. तू वस्ताद हो, मग तुला पाहिजे तशी बदल."

त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून तातोबाच्या डोक्यावर ठेवला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हौद्यातून वर आले. वर आल्यावर त्यांनी कुणाला दिसणार नाही अशा बेतानं माझा हात धरला. मीही त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी पन्नास वर्षांची ओळख उतरवून ठेवली होती, आणि त्याचं दुःख मोठं होतं. ते लहान आहे असं मी कधी म्हणणार नाही.

घरी येऊन ते स्वयंपाकघरात बसले. मी लसूण पुढं सारला. सगळी गड्डी त्यांनी एकट्यानं निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पलीकडच्या तालमीचे म्हातारे वस्ताद उभे. पस्तीस वर्षांचं वैर, आमच्या उंबऱ्याला पाय लागला नव्हता.

"वैनी, हायत का घरात? जरा... ते आपलं..." ते टोपी हातात फिरवू लागले. "मला चार-चारदा उठावं लागतंय. थेंब थेंब येतंय."

त्यांच्या मागून पोस्टातून निवृत्त झालेले एकजण आले, ते आधी हवापाण्याचं बोलले. मग गिरणीवाला. मग दोघे भाऊ आले, एकमेकांना न सांगता, आणि दारात भेटल्यावर दोघेही लाजले. दुपारपर्यंत आणखी एक येऊन सहा झाले. सातवे सिद्धूअण्णा. "मला काय झालेलं न्हाई," ते म्हणाले. "पर तपासून घेतो."

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना नसेल कॅन्सर, मावशी. बहुतेकांची नुसती वयानं वाढलेली ग्रंथी असेल. पण आणा सगळ्यांना, मी थांबते."

तातोबानं जीप दारात लावली. सातही म्हातारे कडेला उभे राहून आधी तू, आधी तू करू लागले. वस्ताद काठी टेकत बाहेर आले, पुढच्या सीटवर पाठ सरळ ठेवून बसले आणि मागं न बघता आवाज दिला. तो आवाज पूर्वीइतका जाड राहिला नव्हता, पण सातही जण एका दमात सरळ झाले.

"चला, बसा. आन् एक ध्यानात ठेवा. बाई काय विचारंल त्याला खरं उत्तर द्यायचं. तिथं कुणी डाव टाकायचा न्हाई."